पाटण खोऱ्यातल्या आमच्या आशाताईंस

ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्या घरासाठी जे केलंत ते तुमच्या आशा स्वयंसेविकेच्या कुठल्याच रजिस्टरात दिसणार नाही. शिवाय माझ्यासारखी, आई गावाला आणि नोकरी नव्या मुंबईत अशी पोरं आपल्या तालुक्यात घरोघर आहेत. त्यांनी हे वाचावं.

आईचा खोकला सगळ्यांनी ऐकला होता. कुणी धूळ म्हणालं, कुणी वय म्हणालं, आणि दर वेळी एक औषधाची बाटली घरात आली. कराडला फुंकायची तपासणी झाली तेव्हा सीओपीडी हे नाव कळलं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईला हा आजार कसा, ते मात्र तुमच्यामुळे उमगलं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तुम्ही सीबॅक हा आजारांच्या जोखमीचा फॉर्म भरता, त्यात स्वयंपाक कशावर करता असा एक प्रश्न असतो: लाकूड, शेणी, पिकाचं पाचट, रॉकेल की गॅस. खूण करून पुढच्या घरी जाता आलं असतं. तुम्ही आत जाऊन चूल बघितलीत, काळी पडलेली आढी बघितलीत, आणि कोपऱ्यात पोतं पांघरून ठेवलेली गॅसची टाकीही.

ती टाकी उज्ज्वलाची. म्हणजे कागदावर आमचं घर धुरातून सुटलेलं होतं! आई तिच्यावर फक्त पाहुण्यांचा चहा करायची. तुम्ही तिला रागावला नाहीत, कारण विचारलंत. भरलेली टाकी जवळजवळ 30 किलोची, गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते, पुढे चढ. पैसे आधी मोजायचे आणि सबसिडी कुठल्या खात्यात जाते ते आईला ठाऊक नाही. तुम्ही तिला एजन्सीत नेऊन केवायसी करून घेतलीत, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते शोधलंत. टाकीमागची 300 रुपयांची सबसिडी आणि अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या तीन मोफत टाक्या आईच्याच हक्काच्या होत्या. उज्ज्वलात 5 किलोची छोटी टाकी मिळते, हेही आम्हाला तुमच्याकडूनच समजलं.

आणि मला सगळ्यात पटलं ते पाण्याचं. चूल बंद करा असं तुम्ही म्हणालाच नाहीत. घरात जळण सगळ्यात जास्त कशाला जातं, असं आईला विचारलंत. अंघोळीच्या पाण्याला! आपल्याकडच्या पावसात ओली लाकडं फुंकून फुंकून ती तासभर धुरात बसायची, तेही पहाटे, दारं लावून. तुम्ही म्हणालात, आधी पाणी घराबाहेर काढू, भाकरीचं मागाहून बघू. आता परड्यात पत्र्याखाली बंब आहे आणि तो शेजारचा पुतण्या पेटवतो. चुलीवरच्या भाकरीचा हट्ट आईने पुढे आपणहून सोडला. गॅसवरची भाकरी तिला अजून पसंत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही ऐकताच.

मग ऑक्सिजनचं मशीन आलं आणि चूल कायमचीच विझवावी लागली. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. चूल, उदबत्ती, निरंजन, सगळं त्या खोलीपासून लांब. देवापुढचा दिवा विझवायचा म्हटल्यावर आई बिथरली होती. तुम्ही तिला संध्याकाळचा दिवा अंगणात तुळशीपाशी लावायला राजी केलंत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे कोण लिहिणार?

पहिलं वीजबिल बघून आईने मशीन गुपचूप बंद ठेवायला सुरुवात केली होती, हेही तुम्हीच पकडलंत. हे मशीन साधारण 350 वॅटचं. रोज 16 तास चाललं तर महिन्याला 165 युनिटांच्या वर जातं, आणि 100 युनिटांपुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. तुम्ही बिल तिच्याशेजारी बसून वाचलंत. डॉक्टरांनी सांगितलेले तास कमी करायचे नाहीत, पण शेजारणीच्या सल्ल्याने चोवीस तासही लावायचं नाही, हे ठरवून दिलंत. 60 वॅटचे पिवळे बल्ब जाऊन 9 वॅटचे एलईडी आले, 75 वॅटच्या जुन्या पंख्याजागी 30 वॅटचा आला. एवढ्याने मशीनचा खर्च भरून निघणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत, आणि उरलेला भार मी उचलतोय. मशीन भिंतीला चिकटवू नये, जाळी दर आठवड्याला धुऊन वाळवून लावावी, एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नये, वीज गेली तर भरलेला छोटा सिलिंडर हाताशी हवा: ही सगळी यादी तुमच्या अक्षरात भिंतीवर आहे.

याच खोऱ्यातलं कोयनेचं पाणी 1,960 मेगावॅटची वीजकेंद्रं फिरवतं, आणि इथल्याच म्हाताऱ्यांना मशीन लावताना मीटरची भीती वाटते. दवाखाना फुप्फुस बघतो, वीजवाले मीटर बघतात, गॅसवाले टाकी बघतात. आमच्याकडे हे तिन्ही एकाच बाईने बघितलं, आणि तिचा मोबदला ठरवणाऱ्या यादीत वीजबिल वाचून दाखवण्याचा रकानाच नाही. हे मला खटकतं, आणि मी ते ग्रामसभेत बोलणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी.

आता एक काम. वरच्या आळीतल्या काकूंची टाकी अजून त्यांच्या वारलेल्या सासूच्या नावावर आहे, म्हणून त्यांना काहीच मिळत नाही. त्यांचाही खोकला वाढलाय. मृत्यूचा दाखला त्यांच्या मुलाकडे इथे कोपरखैरण्यात आहे. मी तो गणपतीला येताना घेऊन येतो. बाकी कोणकोणते कागद लागतील, तेवढं कळवा.

तुमचा,
मुंबईवाला भाऊ