यंत्राची वही यंत्रापाशीच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात एका शाळेतल्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची बातमी आणि फोटो पाहिला. थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगची टेबलं, एक छोटं ड्रिल मशिन आणि भोवती मुलं. फार बरं वाटलं. माझ्या लहानपणी शाळेत हातोडीसुद्धा शिपाईमामांच्या खोलीत कुलपात असायची. पण त्या फोटोत मी मशिनच्या अंगाला दोरीने बांधलेली, त्या मशिनच्या खोडी आणि खबरदारी लिहिलेली वही शोधत होतो. ती काही दिसली नाही. तिच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

मी 1979 साली आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कापणारा कारागीर, होऊन बाहेर पडलो आणि भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत 37 वर्षं काढली. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका सामूहिक कार्यशाळेत जातो. अशा जागेला मेकरस्पेस म्हणतात, आम्ही नुसतं 'शेड' म्हणतो. जुनी साडेचार फुटी लेथ, बेंच ग्राइंडर, उभं ड्रिल, लाकडाचा बँडसॉ (टोकं सांधून केलेली दातेरी पट्टी दोन चाकांवर फिरते ती करवत), दोन थ्रीडी प्रिंटर आणि वर्गणी काढून घेतलेलं लेझर कटिंग मशिन. नववीतल्या मुलीपासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत कुणीही येतं, वर्गणी भरतं आणि आपलं काहीतरी बनवतं. पगारी माणूस एकही नाही.

पहिली तीन वर्षं बँडसॉ म्हणजे सुतारमामा असं समीकरण होतं. मामांनी आयुष्यभर लाकूडकाम केलेलं. पट्टी लावायची ती त्यांनी, ताण द्यायचा तो त्यांनी आणि संध्याकाळी जाताना ताण सैल करायचा तोही त्यांनीच. मग त्यांची तब्येत बिघडली आणि ते संगमेश्वरकडे गावी गेले. त्यानंतर महिन्याभरात आमच्या दोन पट्ट्या तुटल्या. पट्टी चाकावरून सारखी पुढे सरकायची आणि कुणालाच कारण कळत नव्हतं. मी 37 वर्षं लोखंड कापलं असलं, तरी लाकडाचा बँडसॉ मलाही नवाच.

शेवटी मामांना फोन लावला. "मामा, पट्टी पुढे येतेय." त्यांचा पहिला प्रश्न होता, "आधी प्लग काढलात काय?" आम्ही काढला नव्हता. मग त्यांनी अर्धा तास एकेक गोष्ट सांगितली. पट्टीला बाजूंनी आधार देणारे गाइड आधी मागे घ्यायचे, मग ताण द्यायचा. वरचं चाक हाताने फिरवत मागचा स्क्रू जरा जरा पिळायचा, पट्टी चाकाच्या मध्यावर स्थिर झाली की थांबायचं आणि मगच गाइड जवळ आणायचे. पट्टीमागचं बेअरिंग मोकळं चालताना फिरता कामा नये, लाकूड लागलं की फिरलं पाहिजे. वरचं गार्ड लाकडाच्या बोटभर वर, त्याहून उंच ठेवायचं नाही. आणि शेवटी म्हणाले, "टिक-टिक आवाज आला की बंद करा. सांधा उकलतोय."

ही शेवटची गोष्ट मशिनबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत मी नंतर मुद्दाम शोधली. नव्हती. ती मामांच्या कानात होती. मामा गावी गेले तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली होती आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या फोनच्या वेळी नववीतली एक मुलगी शेजारी बसून लिहून घेत होती. तिने 'आधी प्लग काढलात काय' हे वाक्य जसंच्या तसं पहिल्या ओळीवर लिहिलं. आमच्यातल्या एका इंजिनिअरने ते सुधारून 'देखभालीपूर्वी विद्युतपुरवठा खंडित करावा' असं करायचं सुचवलं. मी अडवलं. मामांचं वाक्य वाचलं की मामा समोर उभे राहतात आणि हात आपोआप प्लगकडे जातो. ते वाक्य आजही तसंच आहे.

याआधी आम्ही लेखी काही केलंच नव्हतं असं नाही. एका सभासदाने मोठ्या मेहनतीने सगळ्या मशिनच्या सुरक्षा-सूचनांची इंग्रजी फाइल तयार केली होती. ती लॅमिनेट करून दाराजवळ लावली. ती कुणी उभं राहून वाचताना मी पाहिलं नाही, कारण ती दाराजवळ होती आणि काम मशिनजवळ चालतं. शिवाय तिच्यात कुठल्याही लेथबद्दल लिहिता येईल ते सगळं होतं, पण आमच्या लेथबद्दल काहीच नव्हतं. प्रत्येक मशिनला एक खोड असते. आमच्या लेथचा गिअर बदलण्याचा दांडा मधल्या घरात पूर्ण बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो, चक (काम पकडणारा जबडा, तो चावीने आवळतात) हाताने थोडं हलवून बघावं लागतं. हे ती लेथ बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. वापरणाऱ्यालाच लिहावं लागेल.

म्हणून आता प्रत्येक मशिनला शंभर पानी वही दोरीने बांधली आहे, पेनसकट. पहिल्या पानावर त्या मशिनवर कधीही करायच्या नाहीत अशा गोष्टी, मोठ्या अक्षरांत आणि पाच ओळींच्या आत. लेथच्या वहीत पहिली ओळ आहे 'चकची चावी हातात, नाहीतर खुंटीवर'. ग्राइंडरच्या वहीत आहे, 'ॲल्युमिनियम घासायचं नाही', आणि खाली कारण. मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक कापेनासं होतं, आपण जोर वाढवतो, चाक तापतं आणि फुटू शकतं. कारण लिहिणं मी सक्तीचं केलं आहे. नुसती मनाई मुलं घरीही ऐकतात आणि विसरतात. कारण कळलं की तीच मुलं दुसऱ्याला अडवतात. पुढच्या पानावर नवं चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकं वाजवून पाहायचं हेही आहे. चांगलं चाक घंटेसारखं खणकतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. चाक आणि टूलरेस्ट (काम टेकवायचा आधार) यांमधली फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहायचं.

वहीच्या मागच्या बाजूने सुरू होणारी पानं मात्र मला सगळ्यात मोलाची वाटतात. त्यांना आम्ही 'थोडक्यात वाचलं' म्हणतो. ही पानं का ठेवली ते सांगण्यासाठी मला 1980 सालात जावं लागेल. आजवर हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. चकमध्ये चावी राहिली आणि मी लेथ सुरू केली. चावी कानाजवळून सुटून शेडच्या पत्र्यावर आदळली. फोरमन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. त्यानंतर आठवड्याभरात मी ड्रिलवर लोखंडी पट्टीला भोकं पाडत होतो. हातात सुती मोजे होते, कारण पट्टीच्या कडा धारदार होत्या. मोज्याचा धागा ड्रिलमध्ये गुंतला आणि मोजा हातातून ओढून निघाला. मोजा जुना, सैल होता म्हणून हात वाचला. ड्रिलभोवती गुंडाळलेल्या चिंध्या मी घाईघाईने काढल्या, खिशात घातल्या आणि कुणाला काही बोललो नाही. पुन्हा थप्पड नको होती. दहा दिवसांनी त्याच मशिनवर, तसेच मोजे घालून, माझ्याबरोबर लागलेला एक हेल्पर काम करत होता. त्याचे मोजे नवे होते. त्याची दोन बोटं गेली.

फिरत्या मशिनवर मोजे घालायचे नाहीत हे मी त्या दहा दिवसांत चार लोकांना सांगितलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार मी पंचेचाळीस वर्षं करतो आहे. म्हणून आमच्या शेडमध्ये नियम असा की 'थोडक्यात वाचलं'च्या पानावर नाव लिहायचं नाही, लिहिणाऱ्याला कुणी रागवायचं नाही आणि तो कोण याची चौकशीही करायची नाही. तारीख, मशिन, काय करत होतो, काय झालं आणि काय केल्याने वाचलो, एवढंच.

या पानांनी आम्हाला काय दिलं त्याची दोन उदाहरणं देतो.

एकदा अँगल ग्राइंडरचं बटण दाबून अडकवलेलं असताना लाइट गेली. ज्याच्या हातात ग्राइंडर होता त्याने तो टेबलावर ठेवला आणि सगळे चहाला गेले. लाइट आली तेव्हा ग्राइंडर आपोआप सुरू झाला, टेबलावरून नाचत खाली पडला आणि वायर तोडून थांबला. शेडमध्ये कुणी नव्हतं. ही नोंद वाचल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. लाइट गेली की आधी बटण बंद, मग प्लग, मग चहा. आणि मोठ्या मशिनना नो-व्होल्ट कॉइल असलेले स्टार्टर बसवून घेतले. वीज गेली की ते सुटतात आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशिन फिरत नाही. भारनियमन पाहिलेल्या आपल्या राज्यात हे प्रत्येक शाळेने तपासून पाहावं.

दुसरं लेझरचं. एक मुलगा पाकीट बनवायला रेक्झिनचा तुकडा घेऊन आला. कापायला सुरुवात केली आणि घशाला झोंबणारा वास सुटला. त्याने लगेच बंद केलं, दारं उघडली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग स्वतः वहीत लिहिलं. रेक्झिनवर बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचा थर असतो, फ्लेक्सच्या बॅनरवरही असतो आणि सनबोर्ड तर बहुतेक पीव्हीसीचाच. लेझरने पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुफ्फुसाला घातक, आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचं आम्ल होऊन मशिनचे आरसे आणि रूळही खराब होतात. आता त्या वहीत तांब्याच्या तारेची परीक्षा लिहिली आहे. तार उघड्या हवेत ज्योतीवर लाल करायची, वस्तूच्या कोपऱ्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर ते सामान लेझरखाली घालायचं नाही. परीक्षा मोठ्या माणसाने करायची. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात मावेल एवढं हे ज्ञान आहे, पण लेझरच्या शेजारी नसेल तर असून नसल्यासारखं.

वही वाचली म्हणून सही घ्यायची पद्धत आम्ही बंद केली. सही कुणीही ठोकतं. आता नव्या माणसाने मशिन जुन्या माणसासमोर चालवून दाखवायचं आणि जुन्याने लिहायचं, 'माझ्यासमोर केलं'. चूक झाली तर जबाबदारी दोघांची. मशिन बिघडलं असेल तर दांड्याला लाल फडकं बांधायचं आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं.

यात आम्ही नवं काही शोधलेलं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि 2002 साली तिथे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे आमच्या शेडसारखीच सामूहिक कार्यशाळा, उभी राहिली. जगभरच्या फॅब लॅबनी मानलेला एक छोटासा जाहीरनामा आहे. त्यात वापरणाऱ्याच्या तीन जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. माणसाला आणि मशिनला इजा होऊ न देता काम करणं ही पहिली, जागा स्वच्छ आणि मशिन नीट ठेवणं ही दुसरी, आणि नोंदी व शिकवण्यात भर घालणं ही तिसरी. म्हणजे लिहिणं हा कामाचाच भाग धरला आहे.

केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पाच वर्षांत आणखी 50 हजार लॅब काढण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. चांगलंच आहे. माझी विनंती एवढीच की या लॅबला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी मशिन किती आहेत हे मोजताना वह्या किती आहेत हेही विचारावं, आणि शेवटची नोंद कधीची आहे ते उघडून पाहावं. कोरी वही असेल तर मशिन धूळ खात आहे किंवा चुका लपवल्या जात आहेत. दोन्ही काळजीच्या गोष्टी आहेत.

आणि भोसरी, सातपूर, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, हिंगणा अशा औद्योगिक वसाहतींतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्यांना एक सांगायचं आहे. जवळच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, ड्रिलजवळ बसा आणि तुम्हाला जे माहीत आहे ते बोला. लिहायचा कंटाळा असेल तर मुलं लिहून घेतील. आवाज, वास, हाताला लागणारी थरथर हे सगळं सांगा, कारण तेच छापील पुस्तकात नसतं.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतो. गेल्या वर्षापासून त्यांच्या शेजारी वह्याही ठेवतो, आणि पूजा झाल्यावर मुलं प्रत्येक वहीचं पहिलं पान मोठ्याने वाचतात. यंदा सुतारमामांची तब्येत सुधारली आहे, ते गावाहून येतो म्हणालेत. बँडसॉच्या वहीत पट्टीला धार लावण्याची चार पानं त्यांच्यासाठी मोकळी सोडली आहेत.

आपला,
एक निवृत्त टर्नर, चिंचवड