गाळेवाल्याने परवानगी मागायची तरी कुणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पिंपरी-चिंचवडच्या छोट्या उद्योगांची बातमी पेपरात येते ती दोनच वेळा, एकतर आग लागल्यावर नाहीतर जेसीबी फिरल्यावर. आणि मग सगळेच विचारतात की यांना परवानगी घ्यायला काय झालं होतं? मी भोसरीत भाड्याच्या गाळ्यात मशिनिंगचं जॉबवर्क करतो, तर त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बाजूने कोणीतरी द्यावं म्हणून हे लिहितोय.

बाहेरच्यांना आधी एक गोष्ट माहीत हवी. एमआयडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या हद्दीत बांधकामाची परवानगी महापालिका देत नाही, तिथे एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. प्रॉपर्टी टॅक्स मात्र महापालिकेला जातो. महामंडळ १९६२ चं, आणि तेव्हापासून सगळी गाडी चालते ती प्लॉटधारकाला धरून. प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर मिळतो, मालक नकाशा मंजूर करून घेतो, ठरलेल्या मुदतीत बांधकाम करतो, पूर्णत्वाचा दाखला म्हणजे बीसीसी घेतो, मग पक्का लीज डीड होतो. ज्याच्याकडे अख्खा प्लॉट घ्यायची ताकद आहे त्याच्यासाठी ही पद्धत वाईट नाहीये, वेळखाऊ असेल पण रस्ता तरी आहे.

पण आमच्यासारखा माणूस प्लॉट घेणार कुठून? इथे मोकळे प्लॉट उरलेत किती, आणि एखादा निघालाच तर तो बोली लावून जातो, त्यात आम्ही कुठे उभे राहणार. मग आम्ही काय करतो, तर कुणाच्या तरी प्लॉटवर मागच्या बाजूला आठशे-हजार स्क्वेअर फूट भाड्याने घेतो. रीतसर म्हटलं तर त्याला एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी लागते आणि ती मागायची मालकाने, शुल्क भरून. आता मालकाने बीसीसीनंतर बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेत पत्रा टाकलेला असतो, आत पोटमाळा काढलेला असतो, तो कशाला अर्ज करून स्वतःच्या घरी इन्स्पेक्शन बोलावेल? तो सरळ सांगतो की कागद मागू नकोस, काम कर, अकरा महिन्यांचं लिव्ह-लायसन करू आणि पटत नसेल तर रांगेत दुसरा उभाच आहे.

इथून पुढे सगळं अडतं. स्वतःच्या नावावर थ्री फेज मीटर मिळायला मालकाची संमती, वाढीव लोड मागितला तर पुन्हा मालक. प्रदूषण मंडळाची संमती काढायला गेलं की जागेचे कागद. मशीन लोन मागायला गेलं की बँकवाला विचारतो जागेचं काय. मोठ्या कंपनीचं व्हेंडर ऑडिट, म्हणजे माल पुरवणाऱ्याची तपासणी आली की तो तपासणाराही फायर एनओसी मागतो आणि ती इमारतीची असते, माझ्या एकट्याची नसते, मी आणू कुठून. गंमत म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे केंद्र सरकारची छोट्या उद्योगांची नोंदणी, मला आधारवर घरबसल्या मिळालं. म्हणजे दिल्लीच्या दृष्टीने मी रीतसर उद्योजक आणि माझा गाळा मात्र इथल्या कुठल्याच नकाशात नाही.

मग जे होतं ते सगळ्यांनी बघितलंय. ज्याला हेही परवडत नाही किंवा सततच्या कटकटीला जो कंटाळतो तो एमआयडीसीच्या बाहेर पडतो, चिखली, कुदळवाडी, तळवडे या बाजूला. ही गावं १९९७ ला महापालिकेत आली पण शेतात पत्राशेड उभी राहायची काही थांबली नाहीत. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवरच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली, सहा बायका जागीच गेल्या आणि नंतर आकडा वाढतच गेला. परवानगी नव्हती हे कळलं ते आगीनंतर. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत हजारो शेड पाडली. कारणं खोटी नव्हती, विकास आराखड्यातले (डीपी) रस्ते, आगी, इंद्रायणीत जाणारं पाणी, सगळं खरंच होतं. पण त्या शेडमध्ये भंगारवाले होते तसे टाटा-बजाजच्या व्हेंडरांना पार्ट पुरवणारेही होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी मशीन नेऊन ठेवायची कुठे हे कोणी सांगितलं नाही. बरेच जण अजून लांब सरकले, आणखी एका शेतात, आणखी एका पत्र्याखाली.

आमच्यातले सगळे साधे आहेत असंही मी म्हणत नाही. पावडर कोटिंगच्या शेजारी वेल्डिंग चालतं, मार्जिनमध्ये स्क्रॅपचे ढीग असतात, अग्निशमनची गाडी आत वळणार नाही अशी अवस्था असते आणि विचारलं तर उत्तर एकच, सगळेच करतात. त्यामुळे जे आहे ते सरसकट नियमित करा ही आमच्या काही लोकांची मागणी मला अजिबात पटत नाही. मार्जिन मोकळं झालंच पाहिजे. फक्त ते मोकळं केल्यावर तिथला माणूस कुठे जाणार याचा विचार आधी झाला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

माझ्या मते परवानगी इमारतीला एकदाच आणि नीट द्यावी. नकाशा मंजूर होतानाच त्यात गाळे दाखवायचे, कॉमन मीटर रूम, पाण्याची फायर टाकी, संडास, ट्रक वळायला जागा, आणि या इमारतीत कुठल्या प्रकारचं काम चालेल हे तिथेच लिहायचं. मग गाळेधारकाने भाडेकरार जोडून स्वतःच्या नावाने नुसतं कळवायचं, मालकाच्या पाया पडायची गरज नको. प्रदूषणाच्या बाबतीत हे झालेलंच आहे की, २०१६ पासून पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या वर्गातल्या, असेंब्लीसारख्या कामांना संमतीपत्र लागत नाही, फक्त कळवायचं. धोका बघून कामं वेगळी काढली म्हणूनच ते जमलं ना. प्लेटिंगवाल्याला आणि बॉक्स पॅकिंगवाल्याला बांधकामाच्या बाजूने एकाच चाळणीतून का घालायचं?

आणि बहुमजली गाळे बांधणार असाल तर कृपा करून ऑफिसची बिल्डिंग बांधल्यासारखे बांधू नका. पॉवर प्रेस तिसऱ्या मजल्यावर चालत नाही, खालचा माणूस दोन दिवसांत भांडायला येतो आणि त्याचं बरोबरच असतं. मधल्या साइजचं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीनसुद्धा पाचेक टनांचं असतं, स्लॅब किती वजन घेणार, क्रेनने आत सरकवायचं कुठून, चिप म्हणजे धातूचा कीस आणि कूलंट म्हणजे मशीन थंड ठेवायचं पाणी-तेल खाली आणायचं कसं हे आधी बघावं लागतं. माल चढवायची लिफ्ट एकच असेल आणि ती बंद पडली तर डाय, म्हणजे प्रेसचा जड लोखंडी साचा, काय हमालाच्या डोक्यावरून नेणार? म्हणून तळमजला प्रेस, फोर्जिंग, जड मशिनिंगला राखून ठेवा, वर वायरिंग हार्नेस, असेंब्ली, प्रिंटिंग, लेबल वगैरे जाऊ दे. शेडची उंची चांगली द्या आणि पोटमाळा मंजूर नकाशातच घ्या, कारण नाही दिला तरी तो होणारच आहे, फक्त चोरून होईल आणि जिना लोखंडी शिडीचा असेल. हे सगळं एखाद्या गाळेवाल्याला शेजारी बसवून विचारलं तर अर्ध्या तासात कळेल, पण नकाशा काढताना विचारतं कोण.

सहकारी औद्योगिक वसाहती आपल्याकडे १९६० च्या दशकापासून आहेत, नाशिकला सातपूरची नाईस ही तशीच सहकारी वसाहत आहे, तेव्हा छोट्यांनी एकत्र येऊन जागा करायची ही काही नवी कल्पना नाही. गाळेधारकांच्या सोसायटीला एखादा प्लॉट बोलीशिवाय, ठरलेल्या दराने द्यायला काय हरकत आहे? उद्योगांच्या परवानग्या एका जागी देण्यासाठी राज्याचा मैत्री कायदा २०२३ ला आला, एक खिडकी झाली, चांगलंच झालं, पण जागेचेच कागद नसतील तर खिडकी एक असो की दहा, अर्जाला जोडणार काय?

पुढच्या कारवाईची नोटीस काढायच्या आधी महापालिका आणि एमआयडीसीने एकत्र बसून एवढं जाहीर करावं की या परिसरात परवानगी असलेले गाळे किती मिळणार, कुठे, काय भाड्याने आणि कधीपर्यंत. ते जाहीर झाल्यावरही जो हलणार नाही त्याच्या शेडवर खुशाल जेसीबी घाला.

आपला,
एक गाळेधारक, भोसरी