मेजर-मायनरच्या फॉर्मआधी वीस मिनिटं द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून-जुलैत खान्देशातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या फाटकाशी प्रवेश मार्गदर्शनाचं टेबल लागतं. विद्यार्थ्याचा विषय मात्र आता त्या टेबलावर ठरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकायचे असतात. दुसऱ्या वर्षाला जाताना त्यांतला एक मेजर (मुख्य विषय) होतो, एक मायनर (दुय्यम विषय) आणि तिसरा सुटतो. हा निर्णय दुसऱ्या सत्राच्या अखेरीस येतो. तेव्हा टेबल नसतं, परीक्षा चालू असतात, प्राध्यापक पेपर तपासत असतात, आणि मोबाइलवर लिंक येते. मग तालुक्याच्या नेट कॅफेत फॉर्म भरणाराच विचारतो, "कोणता टाकू?" मित्राने जो टाकला तोच टाकला जातो.

आमची मागणी साधी आहे. पहिल्या सत्राचा निकाल हातात आला की, म्हणजे साधारण फेब्रुवारीत, प्रत्येक विद्यार्थ्याला एका प्राध्यापकाबरोबर वीस मिनिटं बसवा. साठ विद्यार्थ्यांचे वीस तास होतात. सहा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साडेतीन तासांच्या आत काम होतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी 'मेंटॉर-मेंटी'च्या, म्हणजे कोणत्या प्राध्यापकाकडे कोणते विद्यार्थी याच्या, याद्या आपण करतोच. त्या यादीतल्या प्राध्यापकांना हे काम द्यावं.

त्या वीस मिनिटांत काय करायचं, हे जास्त महत्त्वाचं. "तुला काय आवडतं?" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. अठराव्या वर्षी त्याचं उत्तर 'एमपीएससी' असतं किंवा 'बघू'. त्यापेक्षा विचारा: कोणत्या विषयाची वही पूर्ण आहे? कोणत्या तासाला दांडी पडते? कोणत्या प्रॅक्टिकलला वेळ कमी पडतो असं वाटतं? मग गुणपत्रिका घ्या, पण बेरीज पाहू नका. अंतर्गत गुण भरपूर आणि लेखी परीक्षेचे कमी असतील, तर अडचण बहुधा लिहिण्याची असते, विषयाची नव्हे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते, आणि सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. पहिलं सत्र नेमकं याच काळात संपत असतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाची ऑक्टोबरनंतरची हजेरी पडलेली असेल, तर कमी गुणांवरून 'याला विषय जमत नाही' असा शेरा मारणं अन्याय आहे. ज्याच्या घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलतात त्याला पुस्तकी मराठीही शिकूनच घ्यावी लागते. सैद्धांतिक पेपरात मागे पडणारा असा मुलगा नकाशात किंवा प्रयोगात पुढे असू शकतो.

यानंतर त्याच्यासमोर तिसऱ्या ते सहाव्या सत्राचा अभ्यासक्रम ठेवा. पहिल्या वर्षाच्या ओळखीवर विषय निवडणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. भूगोल म्हणजे नद्या-पर्वत असं समजून येणाऱ्याला पुढे नकाशाशास्त्र, सांख्यिकी आणि संगणकावरचं काम भेटतं. अर्थशास्त्रात आलेख आणि गणित वाढत जातं. मानसशास्त्रातही सांख्यिकी असतेच. हे आधी कळलं तर निवड बदलते, किंवा निदान तयारी करून घेतली जाते.

पात्रतेचा भाग सर्वाधिक वेळ खातो, आणि खायलाच हवा. राज्यसेवेची बहुतांश पदं, तलाठी, बँकेची भरती यांना कोणतीही पदवी चालते. म्हणजे 'स्पर्धा परीक्षेसाठी अमुकच मेजर' हा शहरातल्या क्लासचा सल्ला बव्हंशी पोकळ आहे. पण जिथे विषय लागतो तिथे तो नेमका लागतो. एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी तोच विषय पदवीला असावा लागतो, एम.ए.ला पुष्कळदा अट सैल असते. बी.एड.ला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, शिवाय अध्यापन विषय पदवीच्या विषयांशी जुळावा लागतो. शिक्षक व्हायचं असेल त्याने सोडायचा तिसरा विषय याच नजरेने निवडावा. आणखी एक उदाहरण: अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या केंद्रीय नियमांत सूक्ष्मजीवशास्त्राची किंवा जैवरसायनशास्त्राची पदवी चालते, रसायनशास्त्र असेल तर मात्र पदव्युत्तर पदवी लागते. केळी, डाळ आणि मसाल्याच्या मिरचीचा व्यवहार चालणाऱ्या आपल्या तीन जिल्ह्यांत हे पद अनेकांच्या मनात असतं. मेजर-मायनरची अदलाबदल केली तर त्यांची दोन वर्षं वाचू किंवा वाया जाऊ शकतात. म्हणून प्रत्येकाने मनातल्या एका पदाची मागील जाहिरात छापून आणावी आणि 'शैक्षणिक अर्हता' या ओळीखाली रेघ मारावी. भावाने किंवा दाजींनी सांगितलेली अर्हता धरू नये.

आता महाविद्यालयाकडे वळतो. विषय पहिल्या वर्षाला आहे म्हणून तो तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून मिळेलच असं नाही. तुकडी भरली नाही तर तो बंद पडतो. शिकवणारे एकटेच तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) असतील तर पुढच्या जूनपर्यंत जागा रिकामी राहू शकते. हे फॉर्मच्या लिंकबरोबरच स्पष्ट छापा: कोणता विषय मेजर म्हणून चालणार, किमान किती विद्यार्थी हवेत, पूर्णवेळ शिक्षक किती. प्रॅक्टिकल किती वाजता संपतं तेही लिहा, कारण शेवटची एसटी त्याच्या आधी निघून गेली तर त्या मुलीचा विषय बसस्टँडवरच ठरतो.

बदलायचं झालं तर लवकर बदलावं, याचं कारण हिशोबात आहे. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. तिसऱ्या सत्रात मेजरची आठ लेखी क्रेडिट असतील आणि सत्र संपल्यावर विषय बदलला, तर १२० तासांचा अनुशेष चौथ्या सत्राच्या अंगावर बसतो. तिसरं सत्र सुरू झाल्यापासून पंधरा दिवस बदलाची खिडकी विद्यापीठाने अधिकृतपणे उघडी ठेवावी. ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याने पहिल्या वर्षीचा ओपन इलेक्टिव्ह चाचणीसारखा वापरावा. तो आपल्या शाखेबाहेरचा असतो आणि क्रेडिट थोडी असतात, त्यामुळे फसला तरी नुकसान कमी. आज मात्र तो 'सोपा कोणता' एवढंच पाहून घेतला जातो.

दोन गैरसमज जाता जाता दूर करायला हवेत. एका वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट आणि जोडीला चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र मिळतं. ते पदवी नव्हे, पदवी मागणारी जाहिरात त्यावर भरता येत नाही. दुसरं, 'आधी बी.ए. करतो, नाही जमलं तर नंतर बी.कॉम. करीन' असं म्हणणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला माहीत हवं की एक पदवी पूर्ण करून त्याच पातळीची दुसरी घेतल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. विषय बदलायचा तर पदवी हातात येण्याआधीच बदलावा.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तासागणिक मानधन मिळतं, या वीस तासांचं काही मिळत नाही. फुकट सांगितलेलं काम यादीत राहतं, प्रत्यक्षात होत नाही. म्हणून हे तास वेळापत्रकात घालावेत आणि मानधनात धरावेत, तसं परिपत्रक विद्यापीठाने जानेवारीच्या आत काढावं. पालकांची बैठक तालुक्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवावी, त्या दिवशी ते तसेही गावातून येतात.

आपले,
विद्यार्थी मार्गदर्शनाचं काम करणारे काही प्राध्यापक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे