मास्तरांचा मारवा

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय दिल्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि ही गोष्ट तुला सलग ऐकवायचीय. आईची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. तब्येतीचं संपलं.

आपल्या ऑर्केस्ट्रातल्या हवायन गिटारवाल्या मास्तरांच्या गावभागातल्या घराचा व्यवहार ठरला. परवा त्यांच्या थोरल्याने बोलावून घेतलं आणि एक पोतं पुढ्यात ठेवलं. म्हणाला, "तुला काय हवं ते घे, बाकीचं भंगारात जाणार." आत रेकॉर्डी आणि कॅसेटी. रेकॉर्डींत व्हॅन शिपले दिसला, हजारा सिंग दिसला, दोघेही हवायन गिटारवाले. कॅसेटी बहुतेक २०१९ च्या पुरात बुडालेल्या, वाळलेल्या चिखलाने खिडक्याच बुजल्यात. पण माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, तिथवर पाणी पोचलं नाही. त्यात एकच कॅसेट. तिच्यावर मास्तरांच्या हिरव्या शाईत : "मारवा. लाइट गेल्यावर."

दिल्या, गणपतीत गाणी वाजवणारे आपले मास्तर आणि मारवा राग!

लाइट नाही म्हणजे अँप्लिफायर नाही. सेलवरचा टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून नुसत्या लाकडी गिटारवर वाजवलंय. तारेवरून पट्टी सरकताना होणारी बारीक खरखर ऐकू येते, मध्ये कुणीतरी कडी काढतं, खाली रिक्षा जाते. अर्धा तास नुसती आलापी. षड्जाला शिवायला तयार नाहीत. नी, कोमल रिषभ, धैवत, पुन्हा नी, आणि आपण ताटकळत बसायचं. तो सा एकदाचा लागला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. मारव्यात पंचम नाही हे तुला सांगायला नको. पण मांडीवरच्या गिटारला सा-पची जुळणी असते, तारेला नुसता धक्का लागला तरी पंचम बोलतो. त्यांनी त्या तारा चढवून धैवतावर आणल्यात. सुरुवातीला खुंटी पिळून जुळवतानाचा आवाजसुद्धा टेपवर आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून त्यांनी चिकारीच्या, म्हणजे बाजूच्या झंकाराच्या तारांच्या, खुंट्या बसवून आणल्या होत्या. ऑर्केस्ट्रात त्या तारांना कधी हात लावला नाही म्हणून तू त्यांना "शोभेच्या मिशा" म्हणायचास. आता ये आणि ऐक त्या मिशा.

आणि आयर्विन पुलावरचं भांडण मी विसरलेलो नाही. हवायन गिटार हे रडकं वाद्य, नायिका खिडकीत उभी राहिली की वाजवायचं, असं तू म्हणाला होतास. वर, बोटं पळाली पाहिजेत, बोटं पळत नाहीत तो कसला वादक! तेव्हा मी व्हॅन शिपलेचं नाव घेतलं तर तू हसलास, "फिल्मी धुना वाजवणारा" म्हणून. अरे, लखनौचा हा माणूस व्हायोलिनही तितकंच वाजवायचा, त्याने आठ तारांची गिटार स्वतःच्या डोक्याने बनवून घेतली होती, आणि आपल्या पुण्याच्या इनॉक डॅनियल्सच्या अकॉर्डियनबरोबरच्या त्याच्या रेकॉर्डी घरोघर वाजत होत्या. घरोघर वाजत होत्या हेच नडलं असं मला वाटतं. कव्हरवर सिनेमाचं नाव मोठं, याचं बारीक. लोकांनी गाणं ओळखलं, गुणगुणलं आणि रेकॉर्ड ठेवून दिली. मी कालपासून त्याच छोट्या रेकॉर्डी पुन्हा ऐकतोय. शब्द नसताना गाण्यातला श्वास कुठे घ्यायचा हे त्या हाताला कळतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत किती थांबायचं, हेही. हे बोटं पळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि आज तू वाद घालायला इथे नाहीस म्हणून लिहून टाकतो.

ब्रिजभूषण काबऱ्यांचं तर मला कायमचं दुःख आहे. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड कुणासमोरही काढ. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, लगेच सांगतील. तिसरं वाद्य कुठलं? गप्प. जोधपूरचा माणूस, अली अकबर खाँसाहेबांचा शिष्य. हवायन गिटारसारखं परक्या मुलखातलं वाद्य मांडीवर घेऊन त्यावर सरोदियाची, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड काढली, आणि आपण त्याला त्या रेकॉर्डवरची "बाकीची साथ" करून टाकलं. पुढे विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळालं, चांगलंच झालं. पण वाट आधी काबऱ्यांनी पाडली होती.

तिकडे अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन म्हणून एक बाई होती. डावखुरी, उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायची, म्हणून खर्जाच्या तारा बोटांनी आणि चाल अंगठ्याने. संसारात वाजवणं कित्येक वर्षं सुटलेलं. सीगर नावाच्या गाणाऱ्या कुटुंबात घरकामाला लागली, तिथे भिंतीवरची गिटार काढून वाजवली तेव्हा घरच्यांना कळलं. पहिली रेकॉर्ड १९५८ मध्ये, साठी ओलांडल्यावर. पुढे तिलाही ग्रॅमी मिळालं. तिच्या घरात निदान ऐकणारे कान होते. मास्तरांच्या भोवती सबंध सांगली होती, गणपतीत रात्र रात्र त्यांना गाणी वाजवायला लावणारी, आणि मानधनात घासाघीस करणारी मंडळं.

आता खरी काळजी सांगतो, दोन रात्री झोप नाही : मारव्याची ती कॅसेट लोकांना ऐकवायची का? थोरला म्हणतो, घेऊन जा, काय करायचं ते कर. पण धाकटीचा पुण्याहून फोन आला. "बाबांनी हे आम्हालासुद्धा ऐकवलं नाही. त्यांनी डब्यात ठेवलं ते डब्यात राहू दे." तिला काय उत्तर देऊ? ती चूक आहे असं म्हणवत नाही. पण नुसतं स्वतःसाठी वाजवायचं असतं तर टेप कशाला लावला असता? वर नाव कशाला घातलं असतं? कुणीतरी डबा उघडेल हे त्यांच्या मनात असणारच. की हे मी माझ्या सोयीने समजतोय? तू त्यांच्या उजवीकडे बसायचास, तुझ्याशी ते बोलायचे. कधी काही म्हणाले होते का? आठव जरा. पुण्याला जाऊन धाकटीशी तू बोललास तर ती ऐकेल, लहानपणी तुझ्याच सायकलवर बसून शाळेत जायची.

तोवर बुडालेल्या कॅसेटी तरी वाचवू. पाण्याने आवाज पुसला जात नाही, तो फितीवर तसाच असतो; घात करतात चिखल आणि बुरशी. म्हणून मी एकही लावून बघितलेली नाही. चिखलासकट फिरवली तर फीत खरवडेल आणि हेडही जाईल. स्क्रूवाल्या वेगळ्या काढल्यात, त्या उघडून फीत नव्या खोक्यात घालता येईल. चिकटवलेल्या मात्र कापाव्या लागतील, आणि ते काम तुझ्या हाताशिवाय कुणाला देणार नाही. एकीच्या लेबलवर नुसता "श्री" दिसतो, पुढचं गेलंय. राग श्री असेल, नाहीतर "श्री गणेश मंडळ" असेल. मला राहवत नाहीये.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चिन्मयीला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं, पेढे येऊ देत. तुझ्या वरच्या भाडेकऱ्याचं काय झालं ते भेटीत सांग.

शनिवारी रात्रीच्या गाडीने ये. तुझा जुना डेक आण, रिकामी स्क्रूवाली खोकी मिळतील तेवढी आण, डिस्टिल्ड वॉटर मी इथे घेऊन ठेवतो. तोंडाला बांधायला मास्कही आण, बुरशी वाईट असते. घराचा ताबा महिनाअखेरीस द्यायचाय, माळ्यावर अजून एक ट्रंक आहे आणि तिची किल्ली कुणाकडेच नाही.

तुझा,
बाळ्या