ठेचलेले नाणे ही टांकसाळीची चूक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हे नाणे तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती!’ अशा मथळ्यांच्या बातम्या मराठी संकेतस्थळांवर वरचेवर झळकतात. परिणाम असा, की नाण्यांच्या प्रदर्शनात लोक कागदात जपून गुंडाळलेले नाणे पुढे करतात आणि ‘एरर आहे, किती येतील?’ विचारतात. एरर म्हणजे टांकसाळीतच चुकलेले नाणे; पण हे बहुधा हातोडीने, चाकाखाली किंवा आम्लाने बिघडलेले असते.

टांकसाळीत कोरी चकती पोलादी कॉलरमध्ये, म्हणजे कडेभोवतीच्या कड्यात, बसते आणि वरखालचे दोन ठसे तिच्यावर एकाच दणक्यात आपटतात. तोवर जे बिघडते ती चूक. पुढचे सगळे नुकसान. चकती कॉलरबाहेर सरकली, तर छाप एका अंगाला जातो, उरलेला भाग कोरा राहतो आणि आवरायला काही नसल्याने नाणे पसरते. पत्र्यातून चकती कापताना पंच आधीच्या भोकावर पडला, तर कडेला अर्धगोल खाच येते. अशा नाण्यात खाचेच्या बरोबर समोरची कडही बहुधा पुसट असते, कारण कड उभारणाऱ्या यंत्रात तिथे पुरता दाब बसत नाही. कानस घेऊन खाच पाडणाऱ्याला ही समोरची बाजू साधत नाही!

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचा खोलगट, उलटा छाप उठतो. व्हाइसमध्ये (आवळून धरणाऱ्या शेगड्यात) दोन नाणी दाबूनही असा छाप घेता येतो, पण त्याखाली मूळचे चित्र चेपलेले दिसतेच.

दहाच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला गाभा ठोकून काढायचा आणि उरलेले बाहेरचे कडे ‘दुर्मीळ’ म्हणून विकायचे, हा प्रकार तर मला चीड आणतो. कडे खरोखर गाभ्याविना छापले गेले असेल, तर दाबाने त्याचा धातू मधल्या पोकळीत सरकतो आणि भोकाची किनार बिघडते. भोक स्वच्छ, वाटोळे असेल आणि आतल्या भिंतीवर गाभा घट्ट बसल्याच्या खुणा असतील, तर तो नंतरचा उद्योग समजावा. आम्लात बुडवलेले नाणे वजनात सापडते. दहाचे नाणे ७.७१ ग्रॅमचे असते. आम्लाने ते हलके होते आणि अक्षरे सगळीकडे सारखीच विरतात. शिवाय नाणे अधिनियम, २०११ नुसार विद्रूप केलेले किंवा वजन घटलेले नाणे वैध चलन राहत नाही. म्हणजे लाखाच्या नादात हातचे दहाही गेले.

वर्षाखालची हिऱ्याच्या आकाराची बारीक खूणही लोक ‘एरर’ म्हणून दाखवतात. ती मुंबई टांकसाळीची नेहमीची खूण आहे. अशा मथळ्यांत गाजणाऱ्या, वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या २०१२ च्या नाण्यांतही काही चुकलेले नाही.

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क, कमिशन वा कर मागितला जातो, त्याला बळी पडू नका, असे खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावले होते. तरी मथळे थांबलेले नाहीत. आपण अशी बातमी छापलीच, तर नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र द्यावे, वजन द्यावे. ते जमत नसेल, तर ‘लाखो रुपये’ नेमके कोणत्या लिलावात आणि कोणत्या नाण्याला मिळाले, एवढे तरी लिहावे.

– एक नाणेसंग्राहक, डोंबिवली