फासे दिसले म्हणून जुगार होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'सुट्टीत मुलांना कशापासून जपाल' हा लेख वाचला. मोबाइलवरची रमी आणि पैसे लावून खेळायचं क्रिकेट यांच्या रांगेत लेखकाने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाचं नावही बसवलं आहे. त्याचा परिणाम असा झाला की आमच्याकडच्या एका वाचनालयाच्या कमिटीने या खेळासाठी रविवारी दुपारी दोन तास द्यायचं कबूल केलेलं टेबल परत घेतलं. कारण विचारायला गेलो, तर एक सभासद म्हणाले, "फासे टाकतात ना? मग झालं तर." वर द्रौपदीचा दाखला.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. स्टँडवर रात्रीच्या मुक्कामात जुगार कसा चालतो आणि त्यापायी कोणाचा पगार कसा जातो, हे मी जवळून पाहिलंय. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मला बरंच वाटलं. पण मी ज्या खेळाबद्दल लिहितोय, त्यात पैसा लागत नाही, मोबाइल लागत नाही, आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. सगळे मिळून एक गोष्ट पुढे नेतात. मधेच कोणी असं काही करायला निघाला, की जे जमेल का नाही याची खात्री नाही, तर तेवढ्यापुरता फासा.

आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटं पुरावीत. दशावतार या आमच्या लोकनाट्यात लिहिलेली संहिता नसते. आज आख्यान कुठलं आणि कोणी कुठला पार्ट करायचा, एवढं ठरतं आणि मंडळी तोंडाला रंग लावायला बसतात. संवाद रंगमंचावर, समोरच्याचं ऐकून, तिथल्या तिथे. तरुणपणी मी तीन-चार जत्रांत राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाचा पार्ट, केली आहे. समोरचा राजा अचानक असं काही बोलायचा की माझी पाठ केलेली गर्जना घशातच राहायची. पहाटे तीनला, हजार माणसांसमोर. हा खेळ म्हणजे तेच, फक्त टेबलाभोवती बसून, आणि प्रेक्षक कोणी नाही.

माझी ओळख नातवामुळे झाली. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यात आला तो तीनशेहून जास्त पानांचं एक इंग्रजी पुस्तक आणि सात फासे घेऊन. फासे बघण्यासारखे होते: चार बाजूंचा, सहाचा, आठाचा, बाराचा, विसाचा, आणि दहाचे दोन. वीस बाजूंच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज कायम २१ येते, हे आमच्या शेजारच्या गुरुजींनी पाच मिनिटांत शोधून काढलं आणि त्यांना तेवढ्यातच खेळ वसूल झाल्यासारखं वाटलं.

पहिली संध्याकाळ मात्र फुकट गेली. टेबलाभोवती आम्ही पाचजण: मी, माझी बायको, गुरुजी, आणि पलीकडच्या घरातली दोन भावंडं, ती सातवीत, तो चौथीत. नातवाने पुस्तक उघडलं आणि नियम सांगायला घेतले. तुमची जात कुठली, म्हणजे माणूस का बुटका का एल्फ, तुमचा पेशा कुठला, मंत्र किती, चिलखत कसलं. पोरगा मन लावून सांगत होता, त्याबद्दल वाद नाही. पण तासाभरात बायको कुकर बघायला गेली ती आलीच नाही. धाकट्याने चार बाजूंचा फासा नाकात घालून बघितला. गुरुजी म्हणाले, "अभ्यासक्रम चांगला आहे," आणि उठले.

दुसऱ्या रात्री वळवाचा पाऊस झाला, वीज गेली, वायफाय गेलं. कंदील लावला. मी नातवाला म्हटलं, पुस्तक मीट. आज गोष्ट मी सांगतो, तू पण खेळ.

प्रत्येकाला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. बायको वैदू. गुरुजी घाटातला वाटाड्या. धाकटा चोर. नातू नाटक मंडळीतून पळालेला राक्षसपार्टी, अजून तोंडाचा रंग न उतरलेला. मोठी मुलगी पोस्टाची पिशवी पोचवणारी. आणि सुरुवात केली: "शेवटची गाडी. आंबोलीचा घाट. धुकं इतकं की ड्रायव्हरला वायपरसुद्धा दिसत नाही. गाडी बंद पडते. तुम्ही पाचच पॅसेंजर. खाली उतरून बघता तर डोंगराच्या कातळात एक दार आहे. काल ह्याच गाडीने आलात तेव्हा नव्हतं. दाराबाहेर दोन चपला, हातभर लांब. काय करतलास?"

इथे एक खुलासा. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात, आणि देव रात्री फेरी मारतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. आमच्याकडच्या पोरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. हातभर चप्पल म्हटली की पाय पोटात घेतात. मी देवाचं नाव घेतलं नाही आणि घेणारही नाही. देव खेळात आणायचा नाही, हा माझा नियम.

तर काय करतलास. धाकटा म्हणाला, दार फोडतो. नातवाने तलवार काढली. तेव्हा आमची ही, जी काल कुकर बघायला गेली होती, म्हणाली, "दार दुसऱ्याचा. आदी कडी वाजवूक व्हयी." सगळे गप्प. मी टेबलावर बोटाने तीनदा ठक ठक केलं, थोडा थांबलो, आणि आतून दोनदा ठक ठक केलं. कंडक्टरी भाषेत डबल बेल, म्हणजे चला. धाकटा बहिणीच्या मांडीवर जाऊन बसला.

त्या रात्री पुस्तकातला एकच नियम वापरला. ज्यात फजितीची शक्यता आहे असं काही करायचं असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या गुणाचे आकडे मिळवायचे, आणि मी मनात ठरवलेला आकडा गाठायचा. सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडाला २०. गुण सहा: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगळं कसं, असं गुरुजींनी विचारलंच. घाटाचं वेळापत्रक पाठ असणं ही बुद्धी. पावसात ते पाळायला जायचं नाही हे कळणं म्हणजे शहाणपण. गुण साधारण ३ ते १८ मध्ये असतो. साधा माणूस १०-११, त्याला फाशात मिळवायला काही नाही; पुढे दर दोन गुणांमागे एक आकडा.

धाकट्याची चपळाई १६, म्हणजे अधिक तीन. दार उघडतंय म्हटल्यावर त्याला गाडीच्या टपावर चढायचं होतं. पाऊस, निसरडं, मी १५ धरले. म्हणजे फाशावर १२ किंवा वर. पडले ४. आता इथे गोष्ट सांगणारा नवा माणूस हमखास चुकतो. 'पडलास, पाय मोडला, गप्प बस' असं म्हणून मोकळा होतो आणि पोर रुसतं. मी म्हटलं, चढलास तू टपावर, पण टपावर फणसाचं पोतं होतं, त्याला पाय लागला. फणस धाडधाड खाली, एक ड्रायव्हरच्या बॉनेटवर, आणि दाराच्या आत जे कोण होतं ते आता पुरतं जागं झालंय. नापास झालं तरी गोष्ट पुढे सरकली पाहिजे. अपयशाने दार लावायचं नाही, दुसरं उघडायचं.

मोठी मुलगी चाळीस मिनिटं काही बोलली नव्हती. मी मुद्दाम टोकलं नाही. मधे मी त्या चपलांचं चित्र कागदावर काढून दाखवलं होतं. चित्रकलेत मी शाळेपासून नापास. तिने कागद कंदिलाजवळ नेला, फिरवून बघितला, आणि म्हणाली, "आजोबा, ह्या दोन्ही डाव्या पायाच्या आहेत."

होत्या खऱ्या. चूक माझी. पण मी दशावतारातला माणूस, समोरून वाक्य आलं की टाकून द्यायचं नाही. म्हटलं, "बरोबर ओळखलंस. मग उजव्या कुठे आहेत?" तिथून पुढचं सगळं आख्यान त्या एका प्रश्नावर चाललंय, आणि ते मी रचलेलं नाही, तिने रचलंय. आता टेबलावर सगळ्यात जास्त तीच बोलते. तिला थांबवायला लागतं. गाडीत पुढे सरका म्हणायचो, तसं आता 'पुढच्याला बोलू दे' म्हणतो.

नातू पुण्याला गेला, फासे घेऊन गेला. काही अडलं नाही. तंबोल्याच्या सेटमधले १ ते २० आकडे काढून कापडी पिशवीत घातले. एकच काळजी: काढलेला आकडा परत पिशवीत गेला पाहिजे. धाकट्याने एकदा २० मुठीत दाबून ठेवला होता. त्या दिवशी बाकी कोणालाच २० येईना, तेव्हा गुरुजींना शंका आली. गुरुजींनी या पिशवीवर मुलांना शक्याशक्यता शिकवली. बारा किंवा वर हवेत तर वीसपैकी नऊ आकडे चालतात, म्हणजे शंभरात ४५. कोणी मदत केली, कंदील धरला, खांदा दिला, तर दोनदा काढून त्यातला मोठा घ्यायचा. मग शंभरात जवळजवळ ७०. चौथीतल्या पोराला आता माहीत आहे की एकट्याने टपावर चढू नये. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

खेळाचा जन्म १९७४चा, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे दोघे. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी ही मंडळी. त्यातून पलटणीऐवजी एकच माणूस चालवून बघू, अशी कल्पना निघाली. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या होत्या. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तो पोटासाठी पादत्राणं दुरुस्त करत असे. हे नातवाने सांगितलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली; आमचं आख्यानही चपलांवरच अडलंय. तिकडेही १९८०च्या सुमाराला पालक घाबरलेच होते. ह्या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात, असा बराच गलबला झाला. तेव्हा आमच्या कमिटीचं भय काही नवं नाही. पुरवणीच्या लेखकाने तरी, लिहिण्याआधी, एकदा कोणाच्या टेबलाशी बसून बघायला हरकत नव्हती.

महागडी पुस्तकं लागतात, असाही समज आहे. लागत नाहीत. मूळ नियमांचा गाभा खेळ काढणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२३मध्ये खुल्या परवान्याखाली दिला आहे. श्रेय लिहून कोणीही तो वापरू शकतो, भाषांतरही करू शकतो. मराठीत त्याचं दोन पानी साधं पत्रक कोणी केलं तर उपकार होतील. माझं एक तयार आहे, पण ते हाताने लिहिलेलं आणि अर्धं मालवणीत आहे. पत्रकावरसुद्धा भर नको. नव्या माणसाला पाच मिनिटांच्या आत एका दारासमोर उभं करा आणि काय करतोस ते विचारा. नियम तो स्वतःच विचारतो, लागेल तेव्हा, लागेल तेवढा.

संपादक महाशय, आपणाकडे मागणं दोनच. पुढच्या वेळी यादी छापताना हा खेळ जुगारातून काढावा. आणि हे पत्र छापावं, म्हणजे वाचनालयाच्या कमिटीच्या वाचनात येईल; पेपर तिथे रोज येतो आणि सभासद तो आधी वाचतात, मग मुलांना देतात. आम्हाला फक्त टेबल हवं. कंदील, पिशवी, चहाचा थर्मास आम्ही आणू. आवाज होईल, त्याचं आश्वासन देत नाही. सध्या माझ्या पडवीत बसतोय, पण आता मुलं नऊ झाली आहेत आणि पडवीत सहाच मावतात. उरलेली तिघं पायरीवर बसून खिडकीतून आपली पाळी आली का विचारतात.

उजव्या चपला अजून सापडलेल्या नाहीत.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग