मोथ्याच्या घराचा मंगळवार

नागपूर, 8 जून

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मृग लागला, पण कूलर बंद करायची हिंमत अजून होत नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नोकरी सोडते. मोथ्याला राहते, तिथेच शेती करू." बाबा शेजारी बसून ऐकत होते. तुझा फोन ठेवून होईस्तोवर त्यांनी वहीत चार कॉटेजेस आणि एक पोहायचा तलावही काढला होता! मी गप्प बसले. हिशेब फोनवर सांगितला की भांडणासारखा वाटतो, म्हणून लिहिते आहे.

चौदा वर्षं आपण चिखलदऱ्याजवळच्या मोथ्याच्या त्या घरी जातोय. अमरावती, परतवाडा, मग घाट, असं साधारण 230 किलोमीटर. शनिवारी दुपारी पोचायचं, भजी खायची, गाविलगडावर नाहीतर भीमकुंडाला चक्कर मारायची, रविवारी जेवून गाडी काढायची. त्या घराने आपल्याकडे वीजबिल आणि दर दोन वर्षांनी रंग, यापलीकडे काही मागितलं नाही. मागची दीड एकर तशीच पडून होती. ती घेता आली तीसुद्धा आजोबांच्या काटोलच्या संत्र्यांमुळे. सातबाऱ्यावर नाव नसतं तर शेतजमीन घेणं आपल्याला अवघड होतं. गवळ्याची होती म्हणून घेतली. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि मिळाली असती तरी मी घेऊ दिली नसती.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, दहा गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावून बघू. आजूबाजूला लोक लावतात, थंडीत तिथल्या रस्त्यावर विकायलाही बसतात. 5,500 रोपं आणली, गादीवाफे केले, मल्चिंगचा कागद अंथरला, ठिबक टाकलं. कोरकू आदिवासींच्या ढाण्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, मावशी लावणीच्या दिवशीच म्हणाल्या, "बाई, खालच्या कोपऱ्यात नका लावू, तिथं पाणी थांबते." मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, मला उतार कळत नाही का? परतीचा पाऊस आला आणि त्या कोपऱ्यातली 900 रोपं पंधरा दिवसांत कुजली. मावशी काही बोलल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

उरलेल्याला डिसेंबरात फळ धरलं. त्यानंतरचं तू फोटोत पाहिलंस, ते सगळं छान होतं. फोटोत न आलेलं असं: फळ पाऊण लाल झालं की देठासकट, ऊन चढायच्या आत तोडावं लागतं. पुरतं पिकू दिलं तर नागपूर गाठेपर्यंत लगदा होतो. पहिल्या खेपेला आम्ही क्रेटमध्ये तीन थर भरले. घाटाच्या वळणांनी खालच्या थराचा रस काढला, तो डिकीत सांडला, आणि गाडीला महिनाभर मुंग्या होत्या. पुढे एकच थर, 200 ग्रॅमचे डबे आणि रात्रीचा प्रवास. बाबा गाडी चालवत, मी मागे डब्यांवर लक्ष ठेवत. सकाळी लक्ष्मीनगर, धरमपेठ, आपल्या ओळखीची घरं. आणि आपण नागपुरात डबे वाटत असू, नेमकी तेव्हाच वानरांची टोळी वाफ्यात उतरत असे. त्यांना आपला सोमवार-मंगळवार पाठ होता.

वहीतला खर्च: रोपं 55,000. ठिबक-मल्चिंग 28,000. मजुरी 62,000. डिझेल आणि टोल 31,000. डबे 9,000. एकूण 1,85,000. फळ निघालं 600 किलो. त्यातलं 430 किलो 250 रुपयांनी गेलं, त्याचे 1,07,500. मऊ पडलेल्याचा जॅम केला, 140 बाटल्या, 21,000. बाकीचं फळ घाटाने, वानरांनी आणि आपल्या नातेवाइकांनी खाल्लं. तोटा 56,500. ठिबक अजून काही वर्षं चालेल, तेवढं त्यातून वजा धर. आमची मजुरी मी लावलेलीच नाही, ती तू लाव.

कॉफीचं थोडक्यात सांगते. अंगणातल्या अकरा जुन्या झाडांची 19 किलो फळं हाताने सोलली, रात्रभर आंबवली, धुऊन गच्चीवर वाळवली. साल काढल्यावर बिया निघाल्या 3 किलो 200 ग्रॅम. कढईत भाजल्या तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला. सिल्व्हर ओकच्या सावलीत नवीन झाडं लावायची म्हटली तरी फळाला तीन-चार वर्षं. तोवर पोट कशावर भरायचं, हा प्रश्न तुझ्या बाबांच्या वहीत नाही.

पाहुण्यांसाठी दोन खोल्या देऊ, याला माझी हरकत नाही. सरकारच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात आपण बसतो. पण उन्हाळ्यात तिथे हंडाभर पाण्याची मारामार असते हे तुला माहीत आहे. तलाव करायचाच तर शेततळं होईल, पोहायचा होणार नाही. हे बाबांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. राजीनामा देऊ नकोस. जुलैत आठ दिवसांची रजा काढ आणि सोमवारी ये, शनिवारी नको. धुकं असेल, अंथरूण दमट असेल, रेंज नसेल, वीज जाईल. मावशींबरोबर चर खणायचे आहेत, खालच्या कोपऱ्यातून पाणी काढायला. नंतरही हेच म्हणालीस, तर हिशेबाची वही तुझ्या ताब्यात देईन आणि मावशींचा वाटा किती, ते आपण तिघी बसून ठरवू.

आणि एक काम. पुण्याहून वाई-महाबळेश्वर तुला जवळ आहे. एखाद्या रविवारी दोन-तीन नर्सऱ्या बघून ये. दर विचार, पण आधी एक रोप उपटून दाखवायला सांग. मुळं पांढरी पाहिजेत. काळपट असली तर चहा पी आणि पुढच्या नर्सरीत जा. या वेळी 4,500 पुरेत.

तुझी,
आई